दुखरा गुडघा, भरतीची वेळ आणि उरणचा द्रोणागिरी

उरणच्या द्रोणागिरी किल्ल्याबद्दल आमच्या नेरूळमध्ये चार जणांना विचारलंत तर चार उत्तरं मिळतात. एक म्हणतो, तो नौदलाचा डोंगर आहे, वर सोडतच नाहीत. दुसऱ्याच्या मते ओएनजीसीचा पास लागतो. तिसरा द्रोणागिरी म्हणजे लोकलचं स्टेशन समजतो. त्याचंही चूक नाही, कारण त्या नावाचं स्टेशन आहे, सिडकोचा नोड, म्हणजे वसाहतही आहे. फक्त किल्ला तिथे नाही. आणि चौथा हात उडवून सांगतो, ‘अहो टेकडी आहे ती, अर्ध्या तासात होईल.’ या चौथ्या माणसापासून सगळ्यात जास्त सावध राहायचं.

मी चौपन्न वर्षांची. २०२३ मध्ये उजव्या गुडघ्यातला मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, फाटला आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. चालणं, जिना, बाजारहाट सगळं पूर्ववत झालं, पण उतार दिसला की पोटात गोळा यायचा. रॅम्पवरूनसुद्धा मी कठडा धरून उतरायचे. अशा अवस्थेत ‘समुद्र दिसणारा एक डोंगर चढायचा’ हे कुठून डोक्यात आलं ते सांगत बसत नाही. आलं, आणि चार-पाच महिने गेलं नाही. माहिती शोधायला लागले तेव्हा मिळालं ते बहुतेक पंचविशीतल्या मुलांचं, ‘इझी ट्रेक, बिगिनर्स फ्रेंडली’ छापाचं. गुडघा, वय किंवा धीर यांपैकी काही कमी पडत असेल तर काय करायचं, हे कोणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात डॉक्टरांपासून. ऑगस्ट २०२४ मध्ये नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा विचारलं. ते म्हणाले, “चढायला माझी हरकत नाही. उतरायचं मात्र मला विचारून.” मग त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी दिली. तिथे पाचशे रुपयांना एक बैठक. पहिल्याच दिवशी त्या मुलीने मला एका बुटक्या लाकडी पाटावर उभं केलं आणि दुखरा पाय पाटावर ठेवून दुसरा पाय अगदी सावकाश जमिनीला टेकवायला सांगितला. टेकवायचा म्हणजे नुसता स्पर्श, भार नाही, आणि लगेच वर. ऐकायला पोरखेळ वाटतो. पाचव्या वेळेला मांडी थरथरायला लागली. तिचं म्हणणं असं की चढताना स्नायू आखडत जातात आणि उतरताना ताणले जात असताना भार पेलतात. ही दुसरी ताकद आपण रोजच्या आयुष्यात कमावत नाही, आणि ती नसली की सगळा दणका सांध्यावर येतो. उतरायची भीती नुसती मनात नव्हती, मांडीतही होती, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. मनाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, मांडीचं तरी पाटावर उभं राहून काही करता येत होतं.

सप्टेंबर, ऑक्टोबर हा पाट चालू राहिला. जोडीला आमच्या इमारतीचा जिना: लिफ्टने वर जायचं आणि सात मजले उतरायचे, म्हणजे लोक करतात त्याच्या बरोबर उलट. वॉचमनने बरेच दिवस मनातल्या मनात काहीतरी निष्कर्ष काढला असणार. रविवारी सकाळी बेलापूरला पारसिक हिलच्या रस्त्याने वर जाऊन खाली यायचं. तो डांबरी रस्ता आहे, पण उतार चांगला आहे आणि वरून खाडी दिसते. नवी मुंबईत राहून तयारी करणाऱ्यांना याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही.

पावसाळ्यात जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. शेवाळलेला कातळ आणि ओला मुरूम हे एक कारण. दुसरं सरकारी. पावसाळ्यात आपल्याकडचे जिल्हाधिकारी धबधबे, धरणं आणि काही डोंगरांवर जायला मनाई करणारे आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघायचे, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आपल्या खारघरच्या पांडवकडा धबधब्यावरून दर वर्षी लोकांना परत पाठवतात ते अशाच आदेशांमुळे. या आदेशात जागांची नावं आणि मुदत दोन्ही लिहिलेली असतात. बातमीचा मथळा वाचून ‘सगळं बंद आहे’ किंवा ‘आपला डोंगर त्यात नसणार’ असं ठरवू नका. आदेशाची प्रत मिळवून यादी वाचा. उरण तालुका रायगड जिल्ह्यात येतो, तेव्हा ठाण्याचा आदेश बघून उपयोग नाही.

मग एका ट्रेकिंग ग्रुपचा फॉर्म भरला. नोव्हेंबरमधला एक शनिवार होता, माणशी सहाशे रुपये. फॉर्म वाचण्यासारखा होता. रक्तगट, तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा, आधीचे आजार, पन्नाशीच्या पुढे असाल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि तळाशी बारीक अक्षरात ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’. प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांकडे परत एक फेरी झाली. दोन ओळी लिहायला त्यांनी दहा मिनिटं घेतली, कारण ‘तंदुरुस्त आहे’ लिहायचं की ‘हरकत नाही’ लिहायचं यावर त्यांचं अडलं. शेवटी ‘हरकत नाही’ लिहिलं. पुढे नावं पुरेशी आली नाहीत म्हणून ग्रुपने बेत रद्द केला आणि पैसे परत यायला डिसेंबर उजाडला, तेही मी तीनदा आठवण केल्यावर. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी ‘रद्द झालं तर पैसे किती दिवसांत’ हे लेखी विचारून घ्यावं.

त्या रद्द होण्यामुळेच खरं तर पुढचं घडलं. माझी मोठी जाऊ, वय बासष्ट, रोज पहाटे सीवूड्सला खाडीकाठी चालायला जाणारी, म्हणाली, “त्यांना कशाला विचारतेस? आपण जाऊ. माझ्या लेकाला घेऊ.” तिचा लेक, माझा पुतण्या, सत्तावीस वर्षांचा. त्याच्या ऑफिसात उरणचा एक मुलगा होता. त्याच्याकडून जे कळलं ते असं: किल्ल्याला तिकीट नाही, फाटक नाही, नोंदवही नाही. उरण शहरातून डाऊरनगरला जायचं, तिथून वस्तीतल्या कोणालाही ‘किल्ल्याची वाट’ विचारायची. पायथ्याला ओएनजीसीचा प्रकल्प आहे, करंज्याच्या बाजूला नौदलाची हद्द आहे, तेव्हा कुठेही कुंपण किंवा पाटी दिसली की वळायचं, आणि फोटो समुद्राचे काढायचे, टाक्यांचे आणि गेटचे नाही. ओळखपत्र खिशात ठेवा, असंही त्याने सांगितलं. आम्हाला कोणी विचारलं नाही, पण आधार कार्ड होतं.

पुतण्याचा ड्रोन न्यायचा बेत होता. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटलेला आहे आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. तेलप्रकल्प, बंदर, नौदल हे तिन्ही हाकेच्या अंतरावर असताना हौसेखातर विषाची परीक्षा कशाला? डिजिटल स्काय नावाच्या सरकारी संकेतस्थळावर नकाशा बघायला मिळतो. त्याने तो बघितला आणि ड्रोन कपाटात परत गेला.

तारीख ठरवताना दोन गोष्टी बघितल्या. एक म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात तो. रविवारी हार्बरवर ब्लॉक असला की रेल्वेच्या सूचनेत उरणच्या गाड्यांबद्दल वेगळी ओळ असते, तिथे या मार्गाला ‘पोर्ट लाइन’ म्हणतात. बहुतेक वेळा त्या गाड्या चालू असतात, पण ती ओळ वाचल्याशिवाय निघू नये. आम्ही भानगडच नको म्हणून शनिवार धरला, ११ जानेवारी २०२५. दुसरी गोष्ट जाऊबाईंनी बघितली, कालनिर्णय. त्यांचं माहेर अलिबागकडचं, समुद्राजवळचं. तिथे भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. त्या दिवशी सकाळपर्यंत पौष शुद्ध द्वादशी होती, म्हणजे बारा पाऊणे नऊ. आठच्या पुढे त्रयोदशी लागत होती, ती धरली तर पावणेदहा. “नऊ ते दहाच्या मध्ये भरती पूर्ण, तास अर्धा तास इकडेतिकडे,” त्यांनी जाहीर केलं. डोंगरावर जाताना भरतीचं काय करायचं, असं पुतण्याने विचारलं. त्याचं उत्तर त्याला वर मिळालं.

पहाटे नेरूळहून उरण लोकल पकडली. या मार्गाचा खारकोपरच्या पुढचा टप्पा १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं होतं. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा गाडीला वर्ष व्हायला एक दिवस कमी होता. त्याआधी नेरूळहून उरण म्हणजे कंटेनरच्या रांगांमधून बसने धक्के खात जाणं. आता पाऊण तासाच्या आत पोचतो. पण आम्ही गेलो तेव्हा गाड्या साधारण तासातासाने होत्या, हे लक्षात ठेवा. आपल्याला दर पाच-दहा मिनिटांनी लोकलची सवय असते, इथे ती चुकली की चुकलीच. वेळापत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये हवा आणि परतीचं तिकीट आधीच काढलेलं बरं.

उजाडत होतं. खिडकीबाहेर खारफुटी, मिठागरांचे चौकोन, मग जासईच्या बाजूचे डोंगर, मग कंटेनर, कंटेनर आणि कंटेनर. डब्यात बंदरातल्या पाळीला जाणारे लोक होते, हातात डबे. आमच्या काठ्या बघून एकाने विचारलं, “कर्नाळा का?” द्रोणागिरी म्हटल्यावर तो हसला. “आमच्या घरामागे आहे, मी अजून गेलो नाही.”

उरण स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या असतात. डाऊरनगरचे त्याने शंभर सांगितले, ऐंशीला तयार झाला. रस्त्यात चौकाचौकांत १९८४ च्या हुतात्म्यांना अभिवादनाचे फलक लागायला सुरुवात झाली होती. त्या वर्षी १६ आणि १७ जानेवारीला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. ज्या नवी मुंबईत मी फ्लॅट घेऊन राहते ती या लोकांच्या जमिनींवर उभी आहे, हे आम्हाला नेरूळमध्ये सहसा आठवत नाही. रिक्षावाला काही बोलला नाही, मीही नाही.

सव्वासातला चालायला लागलो. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक आजोबा ऊन यायची वाट बघत बसले होते. वाट विचारली तर त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. “बाय, पानी हाय ना सोबत? वर पियाचं पानी नाय.” माणशी दोन लिटर होतं, ते दाखवलं. मग त्यांनी काठीने वाट दाखवली आणि सांगितलं, ढोरवाटा खूप फुटतात, जी वाट चढत राहते ती आपली, जी सपाट जाते ती गुरांची. डोंगरावर बाण, खुणा, पाट्या यांच्यावर विसंबण्यापेक्षा हे एक वाक्य आम्हाला जास्त कामाला आलं.

डोंगराची उंची दोनशे मीटरच्या आसपास. कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्या हिशेबात हा डोंगर नव्हेच. पण कळसूबाईला माणूस निम्म्या उंचीपासून सुरू करतो, इथे जवळपास समुद्रसपाटीपासून. आणि खरी अडचण उंचीची नाहीच. वाट झाडीतून सुरू होते, करवंदीच्या जाळ्या अंगाला ओरबाडतात. पूर्ण बाह्यांचा कॉटनचा शर्ट घाला, टी-शर्ट नको. मग झाडी विरळ होते आणि सुकलेल्या गवतातून मुरमाड चढ लागतो. जानेवारी असूनही समुद्राची दमट हवा अशी की पावणेआठलाच पाठ भिजली. सह्याद्रीतल्या थंड वाऱ्याची अपेक्षा ठेवून याल तर फसाल. घाम वाळतच नाही, तहान लागलेली कळत नाही. म्हणून आम्ही तहानेची वाट न बघता वळणावळणाला दोन घोट घेत होतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी एका बाटलीत वेगळं होतं.

माझा वेग म्हणजे वीस-पंचवीस पावलं आणि एक थांबा. जाऊबाई पुढे जाऊन उभ्या राहायच्या आणि मी पोचले की लगेच निघायच्या. तिसऱ्या वेळेला मी म्हटलं, “ताई, तुम्ही विसावा घेता आणि मला मिळतच नाही.” त्यानंतर मला पुढे घातलं. मोठ्या घोळक्यातही हेच करावं, सर्वांत हळू माणूस सर्वांत पुढे.

धडधाकट माणूस चाळीस-पन्नास मिनिटांत वर पोचेल. आम्ही पावणेनऊच्या पुढे तटाशी आलो. दरवाजा असा आता उरलेला नाही, दगडांचा ढिगारा आणि दोन्ही बाजूंना तटाचे तुकडे. किल्ला जुना, पण इथल्या खुणा जास्त करून पोर्तुगीज काळाच्या. सोळाव्या शतकात त्यांनी करंजा घेतलं तेव्हा हे उरण-करंजा चहूबाजूंनी पाणी असलेलं बेट होतं. माथ्यावर त्यांच्या चर्चचे पडके अवशेष आहेत. झाडीत शिरलेल्या त्या भिंतींपाशी गेलं की जांभा आणि काळा दगड चुन्यात बसवलेला दिसतो. एका ठिकाणी गिलावा पडून चुन्याचा जाड थर उघडा पडला होता. त्यावर वडाच्या कोवळ्या मुळ्यांनी अशी जाळी विणली होती की भिंत मुळीने पाडली की मुळीने धरून ठेवली आहे, ते ठरवता येईना. मराठ्यांनी अठराव्या शतकात हा मुलूख घेतला, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातलं पोर्तुगीज राज्य जवळजवळ संपलं. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीसोबत करंजाही इंग्रजांकडे राहिलं. मोठ्या तहातलं एवढं छोटं नाव, पण मुंबई बंदराच्या तोंडावर हा डोंगर उभा आहे हे वर आल्यावर दिसतं आणि त्यांना ते का हवं होतं हे कोणी सांगावं लागत नाही. आणखी एक गोष्ट इथली माणसं सांगतात: मारुती संजीवनीसाठी द्रोणागिरी घेऊन चालला होता, त्यातला एक तुकडा इथे पडला. जाऊबाईंचा कल या दुसऱ्या इतिहासाकडे होता.

पाण्याचं टाकं आहे. पाणी हिरवं. पिऊ नका.

पश्चिमेच्या कड्याशी एका झाडाच्या सावलीत बसलो. कड्याच्या अगदी टोकाला जायचं नाही, सुकलं गवत मुरमावर सटकतं. खाली पिरवाडीचा किनारा, त्याच्या अलीकडे ओएनजीसीच्या टाक्या आणि ज्योत. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत. तिथलं तेल समुद्रतळावरच्या नळांमधून याच गावात येतं. उत्तरेला घारापुरी आणि न्हावा-शेव्याच्या क्रेन. दक्षिणेला धरमतरच्या खाडीचं रुंद तोंड, पलीकडे रेवस, मांडवा आणि कनकेश्वराचा डोंगर. मुंबई मात्र धुरकट. जानेवारीत धुकं आणि धूर मिळून तिकडचं सगळं पुसट होतं. कुलाब्याच्या इमारती ‘आहेत’ असं मानून घ्याव्या लागल्या. नुसतं दृश्य हवं असेल तर पाऊस संपल्यावर लगेचचे दिवस बरे, पण तेव्हा गवत कमरेएवढं असतं आणि त्यात पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. माझ्या गुडघ्याला जानेवारीच सोयीचा.

बंदराच्या तोंडावर नांगरलेली जहाजं होती. आम्ही बसलो तेव्हा सगळ्यांची नाकं खुल्या समुद्राकडे. जाऊबाईंनी पुतण्याला सांगितलं, “बघत राहा.” पोळी-चटणीचे रोल खाल्ले, तिळाच्या वड्या खाल्ल्या (संक्रांत तीन दिवसांवर होती), पुतण्याने फोटो काढले. दहाच्या पुढे एक जहाज आडवं दिसायला लागलं. मग दुसरं. कोणी चालवत नव्हतं, सुकाणू फिरवत नव्हतं. नांगराच्या साखळीभोवती ती इतक्या सावकाश फिरत होती की टक लावून बघितलं तर काही कळत नव्हतं, नजर दुसरीकडे नेऊन परत आणली की फरक दिसायचा. नांगरलेलं जहाज येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून राहतं. भरती चालू असताना तोंड समुद्राकडे, ओहोटी लागली की तोंड खाडीकडे. साडेदहानंतर एक-एक करत सगळी वळली. मोठी भरलेली जहाजं उशिरा वळली, रिकामी उंच उभी होती ती वाऱ्याने थोडी तिरकीच राहिली. कालनिर्णयातल्या तिथीला पाऊणने गुणून काढलेली गोष्ट तासाभराच्या फरकाने समोर घडत होती. पुतण्या मोबाइलवर भरतीची वेळ शोधायला लागला, आणि जाऊबाई अशा काही ऐटीत वडीचा डबा बंद करायला लागल्या की विचारू नका. वर दीड-दोन तास थांबा असं मी एरवी कोणाला सांगितलं नसतं, पण भरतीची वेळ साधून गेलात तर नक्की थांबा.

पावणेअकराला उतरायला सुरुवात केली आणि माझे हात गार पडले. इथे जरा सविस्तर सांगते, कारण या लिहिण्याचा सगळा उद्देश हाच आहे.

निघण्याआधी बुटांचे बंद सोडून परत बांधायचे, घोट्याशी घट्ट, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. पायाची नखं आदल्या दिवशी कापलेली हवीत. काठ्या चढताना होत्या त्याहून चार बोटं लांब करायच्या. मी दोन घेतल्या होत्या, जोडी बाराशेला पडली. एक काठी पुरत नाही, कारण नेमकी दुसऱ्या बाजूला गरज लागते. काठी आधी, मग दुखरा पाय, मग चांगला. सुटा मुरूम असेल तिथे समोर तोंड करून उतरायचंच नाही, उताराला आडवं उभं राहून एकेक पाय जवळ घेत खाली यायचं. मोठा दगड आला की उडी नाही, सरळ खाली बसून पाय सोडायचे. कपडे मळतात, मळू द्या. पुतण्या माझ्या खाली दोन पावलांवर आणि किंचित बाजूला होता. हे बाजूला असणं महत्त्वाचं: माझ्या पायाखालचा धोंडा सुटला तर तो त्याच्या डोक्यावर जाऊ नये. त्याला एकच अट घातली होती, मी मागितल्याशिवाय हात धरायचा नाही. मदतीला धावून आलेला माणूस नको त्या क्षणी ओढतो आणि दोघंही तोल सोडतात.

झाडीच्या वर एक टप्पा आहे, फार तर शंभर-सव्वाशे फूट, सगळा घसारा. तिथे मी थांबले ते थांबलेच. खाली बघितलं की डाऊरनगरचे पत्रे उन्हात चमकत होते आणि मधलं सगळं जणू नाहीसंच झालं होतं. जाऊबाई वरून म्हणाल्या, “घराकडे बघू नकोस, काठीच्या टोकाकडे बघ.” काठीच्या टोकाकडे बघितलं. लाल माती, त्यात एक काळा चपटा खडा, बाजूला गवताचा खुंट. काठी खड्याच्या बाजूला टेकवली. पाय तिच्या मागे. मग पुढचा खडा. पाटावरची ती मुलगी आठवत होती: नुसता स्पर्श, मग भार. तो टप्पा उतरायला मला अर्धा तास लागला. पुतण्याने मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही, किंवा बघितलं असेल तर मला दिसू दिलं नाही. घरी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की साडेबारापर्यंत खाली आल्याचा फोन आला नाही तर आम्हाला फोन कर. आमचा फोन बारा वाजून वीस मिनिटांनी गेला.

ओट्यावरचे आजोबा आता सावलीत सरकले होते. “आलाव?” एवढंच म्हणाले आणि आतून घरातल्या सुनेने तांब्याभर पाणी आणून दिलं.

तिथून रिक्षाने करंज्याला. आधी द्रोणागिरी देवीचं दर्शन, मग धक्क्याच्या बाजूला एका घरगुती खानावळीत जेवण. इथे शनिवार आडवा आला. जाऊबाई शनिवारी मासे खात नाहीत. मेगाब्लॉक बघून वार ठरवला होता, जेवणाचा वार कोणी बघितलाच नव्हता. आम्ही दोघांनी कुरकुरीत बोंबील आणि मांदेलीचं कालवण खाल्लं, त्यांनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, आणि बिरडं चाखल्यावर आमच्या ताटांकडे बघायचंही सोडून दिलं. तिघांचे मिळून साडेसहाशे. वेळ आणि दम असेल तर करंज्याहून रेवसला लाँच जाते, खाडी ओलांडायला पाव तास लागतो, तिथून अलिबाग. आमच्यात दम नव्हता.

उरण स्टेशनला आलो तर गाडी नुकतीच गेलेली, पुढचा जवळजवळ तास फलाटावर. पाय लांब करून बसायला जागा भरपूर आहे, त्यामुळे तक्रार नाही. सोबत बर्फाची पिशवी नव्हती म्हणून पुतण्याने स्टेशनबाहेरून गार पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या, त्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवल्या.

खर्चाचं विचाराल तर त्या दिवसाचा तिघांचा मिळून अकराशेच्या आत झाला: जेवण, तीन रिक्षा, लोकल, देवीला नारळ. आधीचा खर्च त्याहून खूप मोठा, काठ्या, चांगल्या पकडीचे बूट बावीसशेचे, आणि फिजिओथेरपी. काठ्या कोणाकडून उसन्या मिळाल्या तर घ्या. बुटांत आणि फिजिओथेरपीत काटकसर करू नका.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, दोन्ही सारख्याच, म्हणजे उजव्या पायाने आपला वाटा उचलला होता. गुडघ्याला सूज नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गुडघा दोन्ही अंगठ्यांनी चेपून बघितला, वाकवला, उतरायला किती वेळ लागला ते विचारलं. दीड तासाच्या वर, असं सांगितल्यावर म्हणाले, “छान, इतकाच लागायला हवा.” मग कागदावर ‘व्यायाम चालू ठेवणे’ लिहिलं आणि तपासणीची फी नेहमीइतकीच घेतली.